सिलतऱ्यातली चकाकी

रायपूरजवळच्या सिलतऱ्यात, कारखान्यांच्या वसाहतीत, नोकरी करणारी शहाणी माणसं राखाडी गाडी घेतात. ती कळकट झाली तरी ‘कंपनीतून अशीच आली’ असं म्हणायची सोय असते. माझी गाडी पांढरीशुभ्र आहे, कारण राखाडी घेणं ही मला शरणागती वाटते. शरणागती आमच्या घराण्यात नाही. घराण्याबद्दल पुढे सांगतोच.

तर गाडी जपायला पेंट सीलंट. गाडीच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. त्याच्यावर कृत्रिम पॉलिमरचा आणखी एक पदर चढवायचा, तो सीलंट. पूर्वी हे काम ब्राझीलमधल्या कार्नौबा ताडाच्या पानांवरचं मेण करायचं. पण मेण उन्हाला टिकत नाही, आणि आमच्या रायपूरचा मे महिना 45 अंशांशी सलगी करून असतो.

सीलंट लावायला फार अक्कल लागत नाही. ती सगळी आधीच खर्च होते. गाडी भरपूर पाण्याने धुवायची. मग लोखंड काढणारा फवारा मारायचा. सिलतऱ्याच्या हवेतून गाडीवर बसते ती नुसती धूळ नसते, तिच्यात लोखंडाचे कण असतात. दंव पडलं की ते गंजतात आणि पांढऱ्या रंगावर नारिंगी पुरळ उठतं. फवारा लोखंडाला भेटला की जांभळा होतो. माझ्या गाडीवर तो असा काही जांभळा ओघळ सोडतो की कुंपणापलीकडचे शेजारी खुनाचा तपास करायला आल्यासारखे डोकावतात. वास सडक्या अंड्यांचा. बायकोने एकदाच विचारलं, “हे सगळं चकचकीत दिसण्यासाठीच ना?”

उरलेले कण क्ले बारने, म्हणजे एका चिकणमातीसारख्या वडीने, ओल्या पत्र्यावरून उचलायचे. त्यानंतर सावलीत, थंड पत्र्यावर, अगदी पातळ सीलंट. थोडं थांबून मायक्रोफायबरने पुसलं की झालं. इथे जगाचे दोन पंथ होतात, हातवाले आणि मशीनवाले. मशीनवाल्यांकडे एकाच वेळी गरगरणारं आणि डुलणारं ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर असतं. ओरखडे घालवायचे तर ते हवंच. पण नुसतं सीलंट पसरायला हात आणि स्पंज पुरतो, मशीनने फक्त दंड दुखत नाहीत. मी मशीन आणलं. दंडांसाठी नव्हे, त्याच्या आवाजासाठी. हाताने पुसणारा माणूस गल्लीला ड्रायव्हर वाटतो, मशीनचा आवाज आला की लोक थांबून विचारतात, “क्या लगा रहे हैं, भाईसाहब?” मग मला बोलता येतं.

सीलंटबद्दलचं सत्य मात्र कडू आहे. ते चमक निर्माण करत नाही, आहे ती राखतं. खाली ओरखडे असतील तर ते ओरखड्यांसकट सगळं जपून ठेवतं. इथे मला घराण्याची आठवण होते.

आमचे मूळपुरुष बिंबाजी भोसल्यांबरोबर छत्तीसगडात आले. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या भास्करपंतांनी 1741 मध्ये रतनपूर घेतलं, पुढे रघूजींचे चिरंजीव बिंबाजी तिथे राहून राज्य करू लागले ते 1787 मध्ये वारेपर्यंत. त्यांनी रामटेकरीवर देऊळ बांधलं, दरबारात मराठी आणि मोडी आणली. दसऱ्याला सोनं वाटायची इथली चालही त्यांचीच म्हणतात. आता गंमत अशी, की रायपुरातलं जे ते मराठी घराणं बिंबाजींबरोबरच आलेलं आहे. रेल्वेच्या नोकरीसाठी कोणी आलं नाही, मास्तरकीसाठी कोणी आलं नाही. आणि आलेला प्रत्येकजण सरदार! मग घोड्यांना चंदी कोण घालत होतं? तंबूच्या मेखा कोणी ठोकल्या? माझ्या आजोबांच्या मते आमचे पूर्वज घोड्यावर होते. आत्याच्या मते ते मोडीत घोड्यांच्या चाऱ्याचा हिशेब लिहीत. आत्याला घरात सणासुदीला बोलावत, पण हा विषय निघाला की पानात आणखी एक पुरणपोळी वाढून तिचं तोंड बंद करत. तीन पिढ्या आम्ही त्या कारकुनावर पातळ पातळ थर चढवत आलो आहोत. आज त्याच्यात तलवारीचं प्रतिबिंब स्वच्छ दिसतं.

असो. गाडी धुवायला येतो त्या पोराला या इतिहासाशी कर्तव्य नाही. धरसींव्याकडच्या एका गावातला आहे. माझं सगळं बफिंग संपेपर्यंत तो बादली घेऊन उभा होता. मी अभिमानाने पाहिलं तर म्हणाला, “साहब, करिया धुर्रा हे. बिहनिया फेर जम जाही.” काळी धूळ आहे, सकाळी पुन्हा बसेल. बसलीच.

ती कुठून येते हे मला कोणी सांगायला नको. माझा पगार तिथूनच येतो. स्पंज आयर्नच्या भट्टीत खनिज आणि कोळसा हजारेक अंशांवर फिरत राहतात. धुरातली धूळ धरायला चिमणीआधी विजेवर चालणारी यंत्रं बसवलेली असतात. विजेला पैसे पडतात, आणि रात्री ती यंत्रं बंद ठेवतात अशी आजूबाजूच्या गावांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. त्या पोराच्या घरी वाळत घातलेले कपडे काळे होतात, तळ्यावर तवंग येतो, भाताच्या पानांवर थर बसतो. त्याचा सहा वर्षांचा भाऊ रात्रभर खोकतो, हे त्याने सहज, फडकं पिळता पिळता सांगितलं. माझ्या गाडीला जपायला दुकानात बाटल्यांची रांग आहे. त्या पोराच्या छातीला जपायला गळ्यातला गमछा आहे, आणि तोही धुळीनेच भरलेला. त्या दिवशी मशीनचा आवाज मला आवडला नाही.

तरी पुढच्या रविवारी मी सीलंट लावलंच. घराण्याचा प्रश्न आहे.

वाचकांना एकच विनंती. धुळकट गाडी दिसली की बोटाने तिच्यावर नाव लिहायची तुम्हाला सवय असेल, तर माझ्या गाडीवर लिहू नका. त्या धुळीत लोखंड आहे, ओरखडे उठतात. लिहायचंच असेल तर प्रदूषणाचा कारभार बघणाऱ्या मंडळाला लिहा.