शेवटच्या पानाचे मानकरी

वहीच्या मागं चित्रकथा काढणारे आम्ही मराठवाड्यातले घाटनांदूरकर पुण्यात जन्मलो असतो, तर आज आमच्या नावावर सिनेमे असते, असं माझं ठाम मत आहे. मत पुराव्यानिशी तपासावं असं म्हणतात, म्हणून ‘चिंटू’चा पुरावा घेऊ. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा चित्रकथेतला पोरगा नोव्हेंबर 1991 पासून पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये दिसू लागला, पुढं त्याची पुस्तकं झाली, 2012 साली सिनेमा आला आणि लगेच 2013 ला दुसरा. यात पुण्याचा वाटा किती? माझ्या गैरसोयीचं उत्तर असं, की वाटा रोजच्या रतिबाचा जास्त आहे. व्रात्य पोरगा ही काही दुर्मिळ कल्पना नव्हे, प्रत्येक गल्लीत एक असतो. पण तो रोज काहीतरी बोललाच पाहिजे, कारण तो नाही बोलला तर संपादक बोलतात. शिवाय चिंटूला दोन बाप होते. एकाला कंटाळा आला तरी दुसऱ्याची लाज वाटते. आमच्या चित्रकथांना मागणारा कुणी नव्हता आणि लाज आणणाराही नव्हता.

मुळात त्या छापल्या जात होत्या कुठं, तर शंभरपानी वहीच्या शेवटच्या पानावर. या पानावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. फुल्या-गोळे, पेन चालतंय का बघायला ओढलेल्या रेघा, पुढं मोठं झाल्यावर लागणाऱ्या सहीचा सराव, सरांचं टक्कल, आणि मधे कुठंतरी उडणारा नायक. त्याचे पाय जागा संपल्यामुळं पुठ्ठ्यावर गेलेले. पण पिना मारलेल्या वहीचा एक स्वभाव असतो. पुढचं पान फाडलं की त्याचं मागचं जोडपान निखळतं. म्हणजे पहिल्या धड्यात खाडाखोड झाली म्हणून पोरानं नीटनेटकेपणापायी ते पान फाडलं, की त्याचा नायक गेला. जूनमध्ये जुन्या वह्यांची कोरी पानं काढून कच्ची वही शिवायची आणि उरलेलं किलोवर द्यायचं. कोऱ्या पानाला घरात जागा होती, चितारलेल्याला नव्हती. मराठवाड्यातली निम्मी प्रतिभा अशी सुवाच्य अक्षराच्या आग्रहानं मारली, असा माझा सिद्धान्त आहे. त्यात माझी प्रतिभा मी आधीच मोजलेली आहे.

यावर कुणी डेव्ह पिल्कीचं नाव काढील. या अमेरिकन लेखकाला दुसरीत असताना ‘कॅप्टन अंडरपँट्स’ सुचला. बाईंनी त्याची चित्रकथा फाडली, असं तो स्वतःच सांगतो. तरी 1997 साली पुस्तक निघालंच. मग फाडण्याला दोष कशाला? मान्य. पण त्याला वर्गाबाहेर काढलं तेव्हा व्हरांड्यात बाक दिला होता. आमच्याकडंही वर्गाबाहेर काढतात, पण अंगठे धरून. अंगठे धरलेल्या हातानं चित्र काढता येत नाही.

हसून झालं तरी राग उरतोच. वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो; गणिताचा अभ्यासक्रम मागं पडला की पहिला बळी त्याचाच जातो. एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत, त्यांचे दहावीला जादा गुणही मिळतात. पण तिथं वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. चार चौकटींत गोष्ट सांगणाऱ्या पोराला कुठला कागद द्यायचा, हे कुणी ठरवलेलं नाही. ते पोरगं स्वतःला ‘ढ’ समजत मोठं होतं, आणि हे मला अजिबात विनोदी वाटत नाही. आता मोबाइल आहे, त्यावर काढून टाका जगापुढं, असं सुचवलं जातं. जगापुढं टाकता येतं हे खरं. पण उद्या परत मागायला कोण येणार?

शेवटचा आक्षेप तगडा आहे. रतीब, जोडीदार, चिवटपणा हे सगळं असूनही पदरात काय पडतं? क्लीव्हलँडचे जेरी सीगल आणि जो शुस्टर शाळकरी वयापासूनचे जोडीदार. सुपरमॅन घेऊन त्यांनी काही वर्षं नकार पचवले आणि 1938 साली तो छापून आला, तोही सगळे हक्क 130 डॉलरला विकून. याला माझ्याकडं उत्तर नाही. एवढंच म्हणतो, की इथं घाटनांदूरचा माणूस हवा होता. आम्ही मेथीची जुडीसुद्धा सांगितल्या भावात घेत नाही. 130 ला तर मी सुपरमॅन सोडलाच नसता. दोनदा उठून जायचं नाटक करून निदान दीडशेपर्यंत ओढला असता.