बायोडेटा असा लिहावा, की बोलावणे येऊ नये

जळगाव-धुळ्याकडे ‘बायोडेटा’ हा एकच शब्द लग्नालाही चालतो आणि नोकरीलाही. ही सोय वाया घालवू नये. लग्नासाठी केलेली फाइल उघडावी, गणपती आणि मामाकुळ काढावे. उंची, वर्ण, वडिलांचा व्यवसाय तसेच ठेवावे. एमआयडीसीतल्या डाळमिलचा किंवा चटई कारखान्याचा मॅनेजर कागदांच्या गठ्ठ्यात एकच गोष्ट शोधतो: हा पोरगा सोमवारी आला तर काय करील? तेवढे सोडून सगळे सांगणे, हीच या लेखनाची कला.

नुकत्याच बी.कॉम. झालेल्याने अनुभव आणायचा कुठून, असा आक्षेप येईल. खरी अडचण उलटी आहे; अनुभव लपवायचा कुठे? रावेर-यावलकडचा पोरगा ठिबकच्या नळ्या धुतो, व्हेंचुरीतून खत सोडतो, केळीची निसवण पाहून कापणीचा महिना सांगतो, व्यापाऱ्याशी भावावरून भांडतो आणि पट्टीतली चूक पकडतो. म्हणजे देखभाल, उत्पादनाचा अंदाज, विक्री आणि हिशेब. ज्या जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे हे चार ओळींत लिहिले तर फोन येण्याचा धोका आहे. म्हणून ‘वडील: शेती, अनुभव: निरंक’ एवढेच लिहावे. धुळ्याच्या पोराने महामार्गावरच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात सुट्टीभर बिल्ट्या फाडल्या असतील, तर त्याही गाळाव्यात आणि ‘मेहनती, प्रामाणिक, जिद्दी’ लिहावे. ही विशेषणे कुणाला खोटी ठरवता येत नाहीत, त्यामुळे कुणी वाचतही नाही.

‘पण पदवी तर आहे ना!’ आहे, आणि तिच्यावर नाव कुणाचे? १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये असोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंचे नाव मिळाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यावर त्यांचा कागद पहिल्याच फेरीत बाद झाला असता. ‘काय केले’ असा रकाना असता तर मात्र पुरवण्या जोडाव्या लागल्या असत्या. असल्या दाखल्यांकडे काणाडोळा करावा आणि दहावी, बारावी, पदवीचा तक्ता पान भरेल एवढा ताणावा. उरलेल्या जागेत छंद: वाचन, क्रिकेट, गाणी ऐकणे. खाली ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’, ठिकाण, दिनांक, सही. आणि एवढे करूनही एखादा चिकट मॅनेजर फोन लावीलच, म्हणून मोबाइल नंबर मागच्या सिमचा द्यावा.