नाळ

काही जहाजांची चरित्रं जाडजूड असतात. ‘सेमूर डी. ओवेन्स’ या अमेरिकी विनाशिकेचं चरित्र मात्र एका पोस्टकार्डावर मावतं आणि खाली ‘लोभ असावा’ लिहायला जागाही उरते. सॅन फ्रान्सिस्कोत बेथलेहेम स्टीलच्या गोदीत १९४४ साली तिचा पठाण बसवला. (पठाण म्हणजे जहाजाचा कणा; कोकणात गलबतं बांधणाऱ्यांचा हा शब्द.) पुढच्या वर्षी युद्ध संपलं. जानेवारी १९४६ मध्ये काम बंद करण्याचा हुकूम आला आणि फेब्रुवारी १९४७ मध्ये तिला पाण्यात सोडलं. कशासाठी? तर गोदीतली बांधणीची जागा अडली होती म्हणून! आमच्याकडे अर्धवट शिवलेलं ब्लाऊज शिवणयंत्रावरून उचलून कपाटावर टाकतात, तसं.

ज्यांचं नाव तिला दिलं ते कमांडर ओवेन्स ‘नॉर्मन स्कॉट’ या विनाशिकेचे कप्तान. जुलै १९४४ मध्ये टिनियन बेटाजवळ किनाऱ्यावरच्या जपानी तोफांच्या माऱ्यात ते गेले. पठाण बसला तेव्हा ओवेन्स हयात होते. बारसं झालं, पण पोर शाळेत काही गेलं नाही.

ही गिअरिंग वर्गातली. लांबी ३९० फूट, पाच इंची तोफा सहा, वेग ३६ नॉटच्या आसपास. हा वेग अर्थातच तिच्या वर्गभगिनींचा. ही बाई जागची हलली नाही. अशा ९८ बहिणी पूर्ण होऊन नौदलात लागल्या. एवढ्या मोठ्या खटल्यात एखादी माहेरीच राहून गेली तर कोणी विचारत नाही.

इथवरचं पोस्टकार्ड वाचून मी ते बाजूला ठेवलं असतं. पण मला आमच्या वडिलांची स्कूटर आठवली. ती बंद पडल्यावर बारा वर्षं जिन्याखाली उभी होती. आई दर दिवाळीला भंगारवाल्याचं नाव काढायची आणि वडील म्हणायचे, “असू दे, कुणाला तरी लागेल काही.” शेजारच्या नानांना आरसा लागला. मामाला मागचं चाक लागलं. गिअरची केबल तर कुणी नेली तेही आठवत नाही. आई म्हणायची, “तुमची स्कूटर सगळ्या पेठेत फिरते, आपल्याला सोडून.”

अमेरिकी नौदलातही कुणीतरी आमच्या वडिलांच्या वळणाचा असावा.

७ ऑक्टोबर १९५१. कोरियाच्या किनाऱ्याजवळ ‘अर्नेस्ट जी. स्मॉल’ ही विनाशिका पाणसुरुंगावर आदळली. नऊ माणसं गेली. जहाज कसंबसं तरंगत राहिलं, पण चार दिवसांनी खवळलेल्या समुद्रात तिचं तोंडच तुटून पडलं. आता उघड्या पडलेल्या आतल्या भिंतीवर समोरून पाण्याचा दाब घेत जाणं म्हणजे मरण. म्हणून ती उलटी चालली. शेपूट पुढे, तुटलेलं तोंड मागे, अशी जपानमधल्या कुरेला पोचली. तिथे तात्पुरतं थोटं तोंड बसवलं आणि त्याच तोंडाने तिने प्रशांत महासागर ओलांडून लाँग बीच गाठलं. आमच्याकडे पुढचा दात पडला तरी लोक लग्नाला जायचं टाळतात!

आता नवं तोंड कुठून आणायचं? ‘ओवेन्स’ होतीच की. कोरी, बिनवापराची, त्याच मापाची. तिचं तोंड कापलं आणि ‘स्मॉल’ला जोडलं.

जहाजाच्या या पुढच्या टोकाला मराठीत नाळ म्हणतात. बाळाची आणि जहाजाची, दोन्ही नाळा एकाच शब्दात कुणी बसवल्या कोण जाणे, पण ‘ओवेन्स’च्या बाबतीत तो शब्द नेमका बसला. नाळ कापल्यावर बाळ जगायला सुटतं. इथे उलटं झालं: नाळ जगायला गेली आणि उरलेलं जहाज भंगारात. ‘ओवेन्स’ची बहीण ‘लॅन्सडेल’, तिचीही हीच कथा. टकरीत सापडलेल्या ‘फ्लॉइड बी. पार्क्स’ला १९५६ साली तिची नाळ लावली. नाकापेक्षा मोती जड झालेलं आपण ऐकतो. नाकासाठी अख्खं जहाज ठेवलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

‘स्मॉल’ त्या उसन्या नाळेवर पुढे कितीतरी वर्षं हिंडली. आणि १९७१ साली तैवानच्या नौदलात गेली. नाव बदललं, ‘फू यांग’ झालं. जहाजाचा क्रमांक रंगवतात तो नेमका नाळेवरच. या नाळेच्या नशिबी ‘ओवेन्स’चा ७६७ होता, मिळाला ‘स्मॉल’चा ८३८. तैवानमध्ये एखादा पोरसवदा खलाशी रंगाचा डबा दोरीला बांधून, फळीवर पाय सोडून बसला असेल. ८३८ पुसून झाल्यावर, ब्रश झटकून, तिसरा आकडा काढायला.