घरपट्टीवाल्यांचे आभार

आभारप्रदर्शनाला उभा राहणारा माणूस हा गावातला सर्वांत दुर्दैवी वक्ता. तो माईकपाशी पोचेपर्यंत निम्मी सभा चपला शोधत असते आणि उरलेली चहाकडे वळलेली असते. तरीही तो बिचारा अध्यक्षांपासून मंडपवाल्यापर्यंत एकेक नाव खणखणीत वाचतो. शाळांच्या स्नेहसंमेलनांत ही यादी मी मन लावून ऐकतो. तिच्यात एक माणूस मला आजवर भेटलेला नाही : मार्चच्या आत मुकाट्याने घरपट्टी भरून टाकणारा.

नृसिंहवाडीला देणाऱ्यांचे कौतुक नवे नाही. दत्तमंदिराला शिखर नाही, कारण ते विजापूरच्या आदिलशहाने बांधले, अशी कथा इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लेकीची दृष्टी परत आली म्हणून त्याने औरवाड आणि गौरवाड ही गावेही देवाला इनाम दिली म्हणे. बादशहाने दोन गावे दिली तेव्हा पावतीबुक होते की नाही, कोण जाणे. आता मात्र पावतीशिवाय पान हलत नाही. शाळांचेही तेच. पंख्याच्या पात्यांवर कुणाच्या तरी आजोबांचे स्मरणार्थ नाव रंगवलेले असते. पंखा सुरू झाला की नाव गरगरते, बंद पडला की वाचता येते. म्हणजे भारनियमन झाले की पोरे घामाघूम होऊन दात्याचे पुण्यस्मरण करणार. माझी या पंख्यांबद्दल तक्रार नाही. वारा नावासकट आला तरी गारच लागतो.

पण पंखा फिरतो त्या विजेचे बिल? शाळेपुढची गटार, रस्त्यावरचा दिवा, नळाचे पाणी? त्यावर कुणाचेही नाव नसते. पौर्णिमेला वाडीत गावाच्या कितीतरी पट माणसे येतात, संगमावर स्नान करतात, बासुंदी खातात, पेढे आणि कवठाची बर्फी बांधून घेतात आणि द्रोण मागे ठेवून जातात. दुसऱ्या दिवशी झाडू मारावा लागतो तो गावालाच. ग्रामपंचायत कायद्याने यात्रेकरूंवर कर बसवायची मुभा दिली आहे, पण कायदाही शेवटी घरमालकाच्याच दारी बसतो. तो पळून जाऊ शकत नाही ना!

आणि या घरमालकाची अवस्था बघा. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढते, मंदिरात शिरून पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान घडावे म्हणून लांबून लोक धावत येतात. पाणी पादुकांपर्यंत असते तोवर ते तीर्थ. त्यापुढे दोन हात चढले की तेच तीर्थ न विचारता स्वयंपाकघरात येते. 2005, 2019 आणि 2021 अशी महापुराची तीन वर्षे आमचा शिरोळ तालुका विसरणार नाही. अशा वेळी वसुलीला आलेल्या शिपायाला एखाद्याने, ‘‘कृष्णामाई सोप्यात मुक्काम करून गेली, आता पाणीपट्टी कसली घेतोस बाबा?’’ असे विचारले तर त्याला उत्तर देणे कठीण. एवढे बोलून घरमालक पैसे मात्र देतो. 2019 साली अख्ख्या महाराष्ट्रातून टेम्पो भरभरून मदत आली, तिचे आभार आम्ही मानले आणि मानायलाच हवे होते. चिखलाने भरलेले घर धुऊन पुन्हा पट्टी भरणाऱ्याला मात्र कुणी हार घातल्याचे ऐकिवात नाही.

या भागाला असे बिननावाचे देणे ठाऊक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. 1919 साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पोरांना वसतिगृहात जेवू घालायला पैसा नव्हता, तेव्हा मुष्टिफंड निघाला : दळायला बसताना बाईने एक मूठ धान्य बाजूला काढायचे. मुठीवर नाव कुठे रंगवणार? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी याच पोरांसाठी अंगावरचे दागिने विकले, ते निदान इतिहासाने लिहून ठेवले. मूठ देणारणींची यादी कुणाकडेच नाही. त्याआधी 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. गोडीगुलाबीने सगळेच होत नाही, हे महाराजांना पक्के माहीत होते.

ग्रामपंचायतींनाही ते माहीत असावे. म्हणून कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर नावे लागतात ती थकबाकीदारांची. चाळीस वर्षे नेमाने भरणारा त्या फळ्यावर एकदाही झळकत नाही, आणि बुडवणारा दरवर्षी, तोही खडूच्या ठळक अक्षरांत. निवडणूक आली की थकबाकी असलेल्याला उभे राहता येत नाही, तेव्हा जनसेवेची ओढ लागलेली मंडळी रांगेत पहिली दिसतात. माझे तर मत असे की निवडणुका दरवर्षी घ्याव्यात. शाळेचे पत्रे एकाच सालात बदलून होतील.

तेव्हा यंदाच्या स्नेहसंमेलनात जो कोणी आभाराला उभा राहील, त्याला एक विनंती. मंडपवाला झाला, माईकवाला झाला, की त्यांच्याखाली एक ओळ वाढवा : घरपट्टी आणि पाणीपट्टी वेळेवर भरणाऱ्या सर्व ग्रामस्थांचे आभार. आणि शक्य असेल तर ती चहाच्या आधी वाचा.