हिरवा चौकोन, सोनेरी चौकट

कोरोनाच्या काळात कतारमध्ये मेट्रोत शिरण्याचा खरा पास फुकट मिळे. फक्त तो खिशात ठेवता येत नसे. तो मोबाईलच्या पडद्यावर असे आणि चार्जिंग संपले की पासही संपे.

दोहा मेट्रो ८ मे २०१९ रोजी धावू लागली. वाढदिवस साजरा होण्याआधीच, १५ मार्च २०२० ला, मेट्रो आणि कर्वा बस दोन्ही बंद झाल्या. १ सप्टेंबरला त्या पुन्हा सुरू झाल्या, पण ३० टक्के क्षमतेने. एका फेरीचे भाडे पूर्वीसारखेच २ रियाल. स्टेशनपर्यंत सोडणारी मेट्रोलिंक बस तर आधीपासूनच फुकट. अडचण पैशांची नव्हतीच. दारात आधी ‘एहतेराज’ दाखवावे लागे.

एहतेराज म्हणजे खबरदारी. या नावाचे सरकारी अ‍ॅप २२ मे २०२० पासून घराबाहेर पडणाऱ्याच्या फोनमध्ये सक्तीचे झाले. नसल्यास दंडाची कमाल मर्यादा २ लाख रियाल. म्हणजे फुकटची वस्तू न घेण्याची किंमत मेट्रोच्या एक लाख फेऱ्या. अ‍ॅपमधला चौकोन हिरवा असला तर माणूस निरोगी, करडा असला तर संशयित, पिवळा असला तर विलगीकरणात आणि लाल असला तर बाधित. आपली तब्येत कशी आहे हे माणसाने स्वतः सांगण्याचे दिवस तेव्हाच संपले.

दाराशी ठरलेला प्रसंग असा: उन्हातून आलेला माणूस मास्क सावरत फोन काढतो, पण भर उजेडात पडदा दिसत नाही. दिसला तर अ‍ॅप उघडत नाही, उघडले तर ब्लूटूथ बंद असते. मागची रांग खाकरते, आणि त्या काळात खाकरणे हा साधा आवाज नव्हता. अखेर हिरवा चौकोन उमटतो. मग कपाळापुढे तापमापक येतो. सप्टेंबरातल्या दोह्याच्या उन्हात तापलेले कपाळ ज्वराचे की उन्हाचे, याचा निर्णय त्या यंत्रावर सोडणे जरा धाडसाचेच.

२०२१ मध्ये लशीचे दोन डोस पूर्ण झालेल्यांच्या हिरव्या चौकोनाला सोनेरी चौकट मिळू लागली. मेट्रोत सोनेरी मान आधीपासून होता: ‘गोल्डक्लब’ डबा, फेरीला १० रियाल. चौकट मात्र दंडात दोन सुया टोचून फुकट. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून मुंबईत दोन डोसवाल्यांना मासिक पासावर लोकलने प्रवास करता येऊ लागला. तिथे प्रमाणपत्राची झेरॉक्स, त्यावर शिक्का, मग तिकीट खिडकी, असा रीतसर प्रवास होता. आणि पासाचे पैसे भरावे लागत ते वेगळेच. झेरॉक्सचे एक बरे, तिला चार्जिंग लागत नाही.

पैसे अजिबात न लागणारा पास कतारमध्ये आला तो साथ ओसरल्यावर. १ नोव्हेंबर २०२२ पासून एहतेराज फक्त आरोग्यकेंद्रांपुरते उरले. लगेच १० नोव्हेंबरपासून फुटबॉल विश्वचषकाच्या प्रेक्षकांना लागणाऱ्या हय्या कार्डावर मेट्रो आणि बस फुकट झाल्या. त्या कार्डासाठी निरोगी असण्याची अट नव्हती, सुरुवातीला सामन्याचे तिकीट मात्र लागे. ही सवलत २३ डिसेंबरपर्यंत होती. २४ तारखेपासून पुन्हा २ रियाल.