तेविसावी सूचना

मी पुण्यातल्या एका वसतिगृहाचा रेक्टर. दर जूनमध्ये 'आपण सगळे एक कुटुंब' असं भाषण ठोकतो आणि खाली येऊन नोटीस बोर्डावर कुटुंबासाठी नवी सूचना डकवतो. सध्या बावीस आहेत. गरम पाणी सहा ते आठ. गेट दहाला बंद. खोलीत इंडक्शन सापडल्यास जप्त. (जप्त इंडक्शनवर माझा चहा फक्कड होतो.)

यंदा संस्थेला 'कम्युनिटी बिल्डिंग'चा साक्षात्कार झाला. लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. त्यात फक्त अ‍ॅडमिनने बोलायचं. 'मनमोकळं लिहा' अशी पेटी लागली. तिची किल्ली हरवलीय. १९२४ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची, कामंही स्वतःच करायची. बिचाऱ्यांकडे ग्रुप नव्हता, भागवलं असेल कसंतरी.

परवा रात्री दीड वाजता दुसऱ्या मजल्यावरून जिऱ्याच्या फोडणीचा वास आला. हिंगोलीचा पोरगा तापाने फणफणलेला. एक जण कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवतोय, दुसरा लपवलेल्या इंडक्शनवर मुगाची खिचडी ढवळतोय, तिसरा त्याच्या आईला फोनवर सांगतोय, ''काकू, झोपा तुम्ही, आम्ही आहोत.''

मी दारातूनच परत फिरलो.

वार्षिक अहवालात ती खिचडी 'संस्थेचा सहजीवन उपक्रम' म्हणून छापली जाईल. सकाळी इंडक्शन मात्र जप्त केलं. नियम म्हणजे नियम. शिवाय माझं जुनं बिघडलं होतं.