भिंतीपलीकडची कळलावी

"काकू, जरा भिंतीपाशी या ना, बातमी आहे."

"बोल. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत मी तुझी. जमिनीवर जाऊन आलात?"

"आलो. चेंगलपट्टूच्या पुढे, वीस सेंट. म्हणजे आपले आठ गुंठे हो. निम्म्यात वेडी बाभूळ! इथले तिला सीमै करुवेलम म्हणतात. काटा चपलेतून आरपार."

"ती निदान दिसते तरी."

"तेच तर! खड्डा खणताना एक कंद निघाला. म्हटलं, रताळ्यासारखा दिसतोय, उकडून बघू. तर राखणदार अक्का 'वेंडाम, वेंडाम' करत धावली, हातातून हिसकावलाच. म्हणे कलप्पै किळंगु. कलप्पै म्हणजे नांगर. खरंच, नांगरासारखा वाकडा, दोन टोकांचा."

"अगं बाई, कळलावी! संस्कृतातही लांगलीच."

"कळलावी? आमच्या सासरी ही शिवी आहे."

"कुणाला देतात तेही ठाऊक आहे मला. पण इथं तिचा थाट बघ, सेंगांदळ, तमिळनाडूचं राज्यफूल! दिंडुक्कलकडे तर बियांसाठी शेती करतात. त्यातल्या कोल्चिसिनचं गाउटवर औषध होतं."

"मग औषधीच की!"

"मात्रेत. कंद खाल्ला तर आधी उलट्या-जुलाब. ते थांबले की माणसाला वाटतं सुटलो, आणि मग दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बसतात. वाचलाच तर केस गळतात. आणि उकडून हे विष जात नाही बरं."

"बाई गं! ओळखायची कशी?"

"पानाचं टोक बघ. आधाराला धरायला टोकच गुंडाळलेलं असतं. फूल लाल-पिवळं, ज्वाळेसारखं. पण वेल वाळला की खूण गेली, कंद तेवढा मातीत. तेव्हा अनोळखी कंद चुलीवर चढवायचा नाही, झालं."

"तळ्याकाठी जांभळट फुलंही आहेत, कर्ण्यासारखी."

"बेशरम असेल. शेळ्या बांधू नकोस तिथं."

"आणि काकू, राग नका मानू, तुमच्या फाटकाजवळची पिवळी कण्हेर?"

"ती देवाला वाहते मी रोज."

"वाहा हो. पण तिच्या बिट्ट्या आमचा धाकटा गोट्या म्हणून खेळतो. आतली बी चावली तर हृदयाचे ठोके बिघडतात म्हणे."

"म्हणे काय, बिघडतातच! तसं झालं तर मीठपाणी पाजत बसू नकोस, तडक हॉस्पिटल गाठ... झाली बघ तिसरी शिट्टी. मी खाली पडलेल्या बिट्ट्या वेचते, तू आधी त्याचे खिसे तपास."